‘प्रपंच पाश’ आमच्या गावांत दाखवा : राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयास खुले पत्र

प्रति,
राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, पुणे

स. न. वि. वि.

‘प्रपंच पाश’ हा १९२९ सालचा मूकपट महाराष्ट्र-गोव्यातल्या जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांत, मराठी पाट्यांसह (म्हणजे दृश्यांच्या मध्ये येणाऱ्या लिखित मजकुरासह) आणि पडद्याशेजारी बसलेल्या वादकांच्या साथीने दाखवण्याची व्यवस्था आपण करावी, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहितो आहे. खासगी अर्ज न करता उघड लिहितो आहे, कारण ही विनंती माझ्या एकट्याची नाही. सांगली-मिरज भागात फिल्म सोसायटीचं काम करणारे आम्ही काही जण, आमच्याकडे येणारी कॉलेजची मुलंमुली आणि साथीला बसायला तयार असलेले वादक, असे सगळे तिच्यामागे आहोत.

आपल्याला हा चित्रपट सांगायची गरज नाही. पण हे पत्र इतरही वाचतील, म्हणून थोडक्यात सांगतो. रणजित आणि सोहन हे शेजारच्या राज्यांचे राजे, नात्याने भाऊ, आणि दोघांनाही फाशांचं वेड. सोहनची नजर रणजितच्या राज्यावर. शिकारीच्या गर्दीत बाण मारून त्याचा काटा काढायचा आणि अपघात झाला म्हणून सांगायचं, असा बेत ठरतो. रणजित वाचतो आणि कण्व नावाच्या तपस्व्याच्या घरी उपचारांसाठी पोचतो. तिथे कण्वाची मुलगी सुनीता त्याची शुश्रूषा करते आणि दोघांचं मन जडतं. जुगारी राजाच्या घरात मुलगी द्यायला बाप तयार नाही. पुढे कण्वाचा खून होतो आणि आळ रणजितवर येतो. तो दूर होऊन लग्न ठरतं, तर लग्नाच्या तोंडावर सोहन त्याला पटावर बसवतो. फासे खोटे असतात. रणजित राज्य हरतो, सुनीतेला हरतो, शेवटी स्वतःला हरून गुलाम होतो. त्यानंतर काय होतं ते मी इथे सांगत नाही. आमच्या प्रेक्षकांनी ते पडद्यावर पाहावं.

मला या कथेत सगळ्यात धरून ठेवतो तो रणजित. तो खलनायक नाही, पण निर्दोषही नाही. सोहनने फासे बदलले हे खरं, पण पटावर तो स्वतःच्या पायांनी आला. खेळ थांबवण्याची संधी त्याला प्रत्येक डावाला होती. कण्वाने जे आधी ओळखलं होतं ते सगळ्यांसमोर खरं ठरतं, तेव्हा ते ऐकायला कण्व जिवंत नसतो. चारू रॉय या चित्रकार-नटाने रणजितचं हे हरणं फार आवाज न करता उभं केलं आहे. हिमांशू राय यांचा सोहन मात्र डोळ्यांतून खेळतो. समोरच्याचा तोल कधी जातो याची वाट पाहत बसलेला माणूस कसा दिसतो, हे त्या चेहऱ्यावर वाचता येतं. सुनीता झालेली सीतादेवी ही त्या काळातली मोठी नटी. तिचं मूळ नाव रेनी स्मिथ, अँग्लो-इंडियन घरातली. पाटीवरच्या दोन ओळींपेक्षा तिच्या मान वळवण्यातून जास्त कळतं.

महाभारतातला द्यूताचा प्रसंग ज्यांनी लहानपणी कीर्तनात, हरिविजय-पांडवप्रतापाच्या पारायणात ऐकला आहे, त्यांना हा चित्रपट समजावून सांगावा लागणार नाही. कण्व म्हटलं की शकुंतलेचा आश्रम आठवतो, फासे म्हटलं की शकुनी. निरंजन पाल यांनी पटकथेत या दोन आठवणी एकत्र विणल्या. हे पाल म्हणजे लाल-बाल-पाल यांतल्या बिपिनचंद्र पालांचे चिरंजीव. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन म्युनिकचे. चित्रण राजस्थानात, तिथल्या संस्थानिकांच्या मदतीने झालं. राजवाडे खरे, हत्ती खरे, आणि गर्दीला हजारोंनी माणसं. इंग्रजांच्या राज्यात ज्या राजांच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं, त्यांच्याच वाड्यांत राज्य जुगारात गमावणाऱ्या राजाची गोष्ट चित्रित झाली. १९२९ च्या प्रेक्षकाला हे जाणवलं नसेल असं मला वाटत नाही.

या मंडळींचा महाराष्ट्राशी संबंध पुढे घट्ट झाला. हिमांशू राय आणि देविका राणी यांनी १९३४ मध्ये मालाडला बॉम्बे टॉकीज उभी केली. ऑस्टेन तिथेच दिग्दर्शक होते. ‘अछूत कन्या’ त्यांचाच, १९३६ चा. १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि जर्मन नागरिक म्हणून इंग्रजांनी त्यांना पकडलं. ऑस्टेन नाझी पक्षाचे सदस्य झालेले होते, हेही इथे लिहून ठेवलं पाहिजे. चित्रपट दाखवताना प्रेक्षकांना ते सांगायला हवं. मालाडच्या त्या आवारात आज छोट्या कारखान्यांची दाटी आहे. प्रत्यक्ष जागेत काही पाहण्यासारखं उरलं नाही, म्हणून त्या माणसांचं पडद्यावरचं काम तरी लोकांपुढे यावं, ही आमची तळमळ आहे.

आता हाच चित्रपट का, हे सांगतो.

आपल्याकडे १९१३ पासून वीसेक वर्षांत तेराशेच्या आसपास मूकपट झाले. त्यांतले पूर्ण स्वरूपात शिल्लक आहेत ते हाताच्या बोटांवर मोजावेत इतके, आणि तुकडे धरले तरी संख्या फार वाढत नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ची चार रिळं होती. आपल्याकडे पहिलं आणि शेवटचं आहे. बाबूराव पेंटरांचा १९२० चा ‘सैरंध्री’ गेला. कीचकाच्या वधाचं दृश्य पाहून लोक हादरले होते असं आपण फक्त वाचतो. त्यांचा ‘सिंहगड’ गेला. प्रभातचा ‘उदयकाल’ गेला, ज्यात शांतारामबापू स्वतः शिवाजी महाराज झाले होते आणि ज्याचं मूळ नाव सेन्सॉरने बदलायला लावलं होतं. १९२८ मध्ये अनारकलीच्या गोष्टीवर दोन कंपन्यांत चढाओढ लागली. एका चित्रपटात सीतादेवी, दुसऱ्यात पुण्यात जन्मलेली सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स. सुलोचनेच्या चित्रपटावर लोकांच्या उड्या पडल्या. आज तो पाहायला मिळत नाही. राजदरबार, प्रेम आणि कारस्थान हा मूकपटांचा लाडका विषय होता. दर वर्षी असे कितीतरी चित्रपट निघत. त्या साऱ्या पिकातून शाबूत राहिलेल्या मोजक्यांपैकी ‘प्रपंच पाश’ एक आहे. जे हरवलं त्याची कल्पना करायला प्रेक्षकाला आधार हवा, आणि तो आधार हा चित्रपट देतो.

बाकीचे का गेले, ते आपण जाणता. नायट्रेटची फिल्म पेटते, आणि न पेटली तरी आपल्या उकाड्यात विरघळत जाते. बोलपट आल्यावर मूकपटांना बाजारात किंमत राहिली नाही, तेव्हा कित्येकांनी फिल्ममधली चांदी काढण्यासाठी ती भंगारात विकली. २००३ च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेटच्या साठ्याला लागलेल्या आगीत ६०७ चित्रपटांची ५,०९७ रिळं गेली. आजही तो आकडा लिहिताना हात थांबतो. त्या आगीचा जाब मागायला हे पत्र नाही. जे वाचलं ते तरी लोकांच्या डोळ्यांसमोर असावं, एवढंच म्हणणं आहे.

कारण फक्त जतन केल्याने चित्रपट जगत नाही, ही शिकवण आपल्याच संस्थेची आहे. हे संग्रहालय उभं करणारे पी. के. नायर यांनी देशभर हिंडून, फाळके कुटुंबाकडून, जुन्या थिएटरमालकांकडून, गोदामांतून फिल्म जमवली. ‘मार्तंड वर्मा’ हा त्रावणकोरच्या गादीच्या कारस्थानांवरचा मूकपट एका पुस्तक-प्रकाशकाकडे पडून होता. कादंबरीच्या हक्कावरून झालेल्या खटल्यात त्याची प्रत अडकली, म्हणूनच ती टिकली. नायरसाहेबांनी १९७४ मध्ये ती पुण्यात आणली. पण याच माणसाने हेग्गोडूसारख्या कर्नाटकातल्या खेड्यात, के. व्ही. सुब्बण्णांच्या नीनासम या नाट्यसंस्थेबरोबर, शेतकऱ्यांना आणि सुपारीच्या बागेत राबणाऱ्यांना जगातले उत्तम चित्रपट दाखवले, आणि ते त्यांनी मन लावून पाहिले. तेव्हा रिळांचे डबे बसमधून आणि रेल्वेतून न्यावे लागत. आता एका छोट्या ड्राइव्हमध्ये चित्रपट येतो. सांगली, सातारा, कुडाळ, लातूर, धुळे, वर्धा, मडगाव यांना हेग्गोडूचं भाग्य का मिळू नये?

परदेशात या चित्रपटाला किती मान मिळाला ते पाहा. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने त्याची प्रत साफ करून घेतली, नितिन सॉनी यांनी नवं संगीत दिलं, आणि २००७ च्या ऑगस्टमध्ये, भारताच्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्षानिमित्त, लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या साथीने हजारो लोकांनी तो उघड्यावर पाहिला. राय-ऑस्टेन यांचाच ‘शिराज’ हा मूकपट २०१७ मध्ये अनुष्का शंकर यांच्या संगीतासह नव्याने दाखवला गेला आणि आपल्याकडच्या मोठ्या शहरांत त्याचे खेळही झाले. ज्यांनी हे केलं त्यांचे मनापासून आभार. मात्र जिल्ह्याच्या गावापर्यंत त्यातलं काही पोचलं नाही, आणि ते लंडनच्या संस्थेने पोचवावं अशी अपेक्षाही नाही. ते काम आपलं आहे.

संगीताबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझी खरी आस्था तिथे आहे.

मूकपट चालायचे तेव्हा पडद्याजवळ पेटी, तबला, कुठे व्हायोलिन वाजत असे. पाट्या दोन-तीन भाषांत असत आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी थिएटरात कोणीतरी त्या मोठ्याने वाचे. एकच चित्रपट मुंबईत एका चालीवर तर बेळगावात दुसऱ्या चालीवर चाले. म्हणजे साथ नेहमी गावाची असे. आपल्याकडे ही पद्धत चित्रपटाच्याही आधीपासून आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत चित्रकथीवाले पोथीतली चित्रं एकामागून एक समोर धरतात आणि वीणा-टाळ-हुडुकाच्या साथीने रामायण-महाभारत गातात. २०२१ साली परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. कल्याणच्या पटवर्धनांनी १८९२ पासून काचेवर रंगवलेली चित्रं दिव्याने पडद्यावर टाकून, संवाद आणि गाण्यांसह ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ केले. आणि आमच्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी पहिलं नाटक केलं, त्यात सूत्रधार पदं म्हणून कथा पुढे नेई आणि पात्रं त्यानुसार अभिनय करत. चित्र एकीकडे, आवाज दुसरीकडे, आणि दोन्ही मिळून गोष्ट. हे आमच्या अंगवळणी पडलेलं आहे.

म्हणून लंडनचं संगीत विकत घेऊन इथे वाजवण्यापेक्षा, प्रत्येक विभागातल्या कलावंतांकडून साथ बसवून घ्यावी, असं आमचं म्हणणं आहे. आश्रमातल्या प्रसंगांना एक बासरी आणि मिरजेचा तंबोरा पुरेल. शिकारीला हलगी आणि ताशा. लग्नाच्या तयारीला सनई-चौघडा, आणि त्या सनईतच पुढे येणाऱ्या अनर्थाची चाहूल लागली पाहिजे. फासे पडतात तिथे वादकांची खरी परीक्षा आहे. ढोलकी-संबळावर ताण चढवत नेण्याचा मोह प्रत्येकाला होईल. माझं मत वेगळं आहे. तिथे पखवाजाची एखादी थाप आणि मध्ये पूर्ण शांतता ठेवावी. सभागृहातल्या पाचशे माणसांचा श्वास ऐकू आला पाहिजे. आमच्यातल्या एका पखवाजवादकाचं मत याच्या उलट आहे आणि आमचा त्यावर वाद चालू आहे. असा वाद गावोगाव व्हावा, हेच मला हवं आहे. कोकणात चित्रकथी गाणाऱ्यांनी, विदर्भात खडी गंमत करणाऱ्यांनी, गोव्यात घुमट वाजवणाऱ्यांनी आपापल्या पद्धतीने हाच चित्रपट उभा करावा.

कायद्याची अडचण मोठी नाही, असं आम्ही समजतो. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो, आणि १९२९ ला ती मुदत उलटून कितीतरी वर्षं झाली. लंडनच्या नव्या संगीतावर अर्थातच त्यांचा हक्क आहे, आणि साफ केलेल्या प्रतीसाठी त्या संस्थेशी करार करावा लागेल. दोन राष्ट्रीय संस्थांमधला असा करार आपण करू शकता, गावातली फिल्म सोसायटी करू शकत नाही. आमची गाठ तिथेच अडते.

प्रत तयार करताना वेगाकडे लक्ष द्यावं, ही कळकळीची विनंती. त्या काळचा कॅमेरा आजच्यासारखा सेकंदाला २४ चौकटींनी बांधलेला नव्हता, वेग त्याहून कमीही असे. तो वेग न जुळवता दाखवलं की माणसं तुरुतुरु पळतात आणि प्रेक्षक हसतो. मूकपट म्हणजे विनोदी धावाधाव, हा समज अशाच खेळांतून पसरला. रणजित सर्वस्व हरत असताना कुणी हसलं तर सगळ्या खटाटोपावर पाणी पडेल. मराठी पाट्यांची भाषाही जपून करावी. फार संस्कृताळलेली नको आणि आजच्या मालिकांसारखीही नको. एखाद्या चांगल्या नाटककाराकडे ते काम द्यावं आणि त्याचं नाव पडद्यावर यावं.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. या चित्रपटात हत्ती, वाघ, अरण्य, राजवाडे हे सगळं युरोपातल्या प्रेक्षकाला डोळ्यांसमोर ठेवून मांडलेलं आहे. परक्याला भारत जसा पाहायला आवडे तसा तो अनेक जागी दाखवला आहे. मलाही काही दृश्यं लांबलेली आणि फक्त नजरेला सुखावणारी वाटतात. म्हणूनच त्याच्या जोडीला ‘दिलेर जिगर’ दाखवावा, असं सुचवतो. तो १९३१ चा, जी. पी. पवार यांचा, पुण्यातल्या कंपनीचा. त्यात ललिता पवार आहेत. खाष्ट सासू म्हणून ज्यांना सगळा महाराष्ट्र ओळखतो त्या बाईंना तरुणपणी साहसपटाची नायिका म्हणून पाहणं हा आमच्या मुलींसाठी वेगळाच अनुभव ठरेल. तोही गादीच्या कारस्थानाचा चित्रपट, पण आपल्या गल्लीतल्या प्रेक्षकासाठी केलेला. दोन्ही लागोपाठ पाहिले तर कोणी कोणासाठी कसं चित्र काढलं, हे लोक आपणहून बोलू लागतील. तो आपल्याच संग्रहात, पुण्यात आहे. त्यासाठी लंडनशी पत्रव्यवहारही लागणार नाही.

राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानासाठी सुमारे ५९७ कोटी रुपयांची तरतूद झाली. हजारो चित्रपटांचं डिजिटायझेशन त्यातून होत आहे. याचा आम्हाला अभिमान आहे. या कामाचा एक छोटा भाग गावोगावच्या खेळांसाठी राखून ठेवावा. आम्ही नुसतं मागत नाही. सभागृह, पडदा, प्रोजेक्टर, वादकांच्या तालमीची जागा आणि त्यांचं मानधन यांची जबाबदारी आम्ही घेऊ. तिकीट इतकं कमी ठेवू की शाळेतली मुलं येऊ शकतील. खेळानंतर प्रेक्षकांनी काय विचारलं, काय सांगितलं, ते लिहून आपल्याकडे पाठवू. आमच्याकडे काय नाही, तेही स्पष्ट सांगतो. योग्य वेगाने तयार केलेली प्रत, मराठी पाट्या आणि ती दाखवण्याची लेखी परवानगी, या तीन गोष्टी फक्त आपणच देऊ शकता.

पहिला खेळ कुठे करायचा यावर आमचा हट्ट नाही. नाशिकला फाळक्यांच्या गावी करा, कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या गावी करा, पिंगुळीत करा. आम्ही येऊ. फक्त येत्या दिवाळीच्या आत निर्णय कळवावा, म्हणजे हिवाळ्यात उघड्या मैदानावर खेळ लावता येतील. पावसाळा सुरू झाला की तालमी बसतील, पण मैदानं मिळणार नाहीत. उत्तर लेखी असावं, आणि नकार असेल तर कारणासह असावं, म्हणजे अडचण कुठे आहे ते पाहून आम्हाला पुढची खटपट करता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
फिल्म सोसायटीचा एक कार्यकर्ता,
सांगली